आर्मा ३ : सात गाड्यांच्या ताफ्याचा मार्ग आखताना तिसरी गाडी भिंतीत अडकते, मदत हवी

गोडोली_मोहीम

नमस्कार मंडळी. आम्ही साताऱ्यातले सहा जण दर शनिवारी रात्री आर्मा ३ हा लष्करी मोहिमांचा संगणकावरचा खेळ खेळतो. मोहिमा बांधायचं काम माझ्याकडे आहे. सध्या खेळातल्या आल्टिस बेटावर रसदीची मोहीम चालू आहे. तिथल्या कवाला शहरातून सात गाड्यांचा ताफा निघतो आणि पिरगोस शहराला पोचतो. पुढे दोन हंटर (आखूड चिलखती गाड्या), मध्ये चार हेमट (लांब, जड) ट्रक, शेवटी एक मार्शल (तोफेची चिलखती गाडी). सातही गाड्या संगणकच चालवतो. आम्ही आमच्या दोन वेगळ्या गाड्यांतून राखण करत जाणार.

अडचण अशी आहे. निघताना रांग सुरेख लागते. वाटेत एक छोटं गाव आहे, तिथे डावीकडे काटकोनात वळण, आणि आतल्या कोपऱ्यावर दगडी कुंपण. दोन्ही हंटर वळतात. तिसरी गाडी, म्हणजे पहिला हेमट, मागच्या चाकांनी कुंपणाला घासतो, थांबतो, मागे येतो, पुन्हा तसाच पुढे जाऊन तिथेच घासतो. तोवर चौथी गाडी त्याच्या पाठीला येऊन चिकटते. मग मागे यायलाही जागा उरत नाही. काल घड्याळ लावून बसलो होतो. चौदा मिनिटं झाली तरी ट्रक तिथेच. हंटर पुढच्या माळावर उभे राहून वाट बघत होते.

सगळा ताफा एकाच गटात आहे. कॉलम फॉर्मेशन (एकामागे एक), वागणूक सेफ (शत्रू नसल्यासारखी निवांत), वेग नॉर्मल. रस्ता चुकू नये म्हणून प्रत्येक वळणावर वेपॉइंट (गाडीने गाठायचा बिंदू) लावलाय, एकूण ३१. तीन आठवडे यावर बसलोय. पोरं विचारतात, या शनिवारी तरी होणार का, आणि माझ्याकडे उत्तर नसतं. कुणी हे सोडवलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.

कृष्णाकाठ_कराड

त्या कोपऱ्यावरचा वेपॉइंट नेमका कुठे आहे? वळणाच्या बरोबर मध्यावर का?

गोडोली_मोहीम

हो ताई, रस्त्याच्या मधोमध, जिथे दोन रस्ते मिळतात तिथे. तिथूनच वळायचंय ना?

वाळव्याचा_ट्रॅक्टर

दादा, मी गेम कमी खेळतो, पण गाळप हंगामात गेली सात वर्षं उसाच्या दोन ट्रॉल्या ओढतोय, म्हणून लिहितो. लांब गाडी वळताना मागची चाकं पुढच्या चाकांच्या मागून जात नाहीत. आतून कापतात. एक ट्रॉली असली की थोडी, दोन असल्या की दुसरी अजून आत येते. नवीन पोरगं ट्रॅक्टरवर बसलं की पहिल्या दिवशी हेच करतं. इंजिन कोपऱ्यातून नीट काढतं आणि मागची ट्रॉली कुणाच्या तरी कट्ट्यावर चढवतं.

आम्ही काय करतो, डावीकडं वळायचं असलं की आधी उजवीकडं ओढून घेतो, नाक पार पलीकडच्या कडेला नेतो, आणि मग वळतो. तुमच्या हेमटला तुम्ही सांगितलंय की रस्त्याच्या मध्यावर ये आणि तिथून डावीकडं वळ. त्यानं तेच केलं. मध्यावरून वळला तर मागची चाकं भिंतीवर जाणारच. हंटर आखूड आहे म्हणून सुटतो.

मिरज_स्क्रिप्ट

वरचा प्रतिसाद अगदी बरोबर आहे. त्याला खेळाच्या बाजूने जोड देतो.

आर्मातला ड्रायव्हर वेपॉइंटकडे "इथे पोच" या अर्थाने बघतो. जवळ आला की वेग कमी करतो, पोचलो म्हणतो, मग पुढचा मार्ग काढतो. तुमचा बिंदू कोपऱ्याच्या मध्यावर असल्यामुळे प्रत्येक वेळी नवा मार्ग काढायचं काम तो नेमका सगळ्यात अरुंद जागी करतोय. त्यातून ताफा एका गटाचा. मागच्या गाड्या वेपॉइंट वाचत नाहीत, त्या पुढारी गाडीमागच्या आपल्या जागेकडे धावतात. पुढचा हंटर वळून माळावर गेला की हेमटला आपली जागा भिंतीपलीकडे दिसते आणि तो तिकडे कापत निघतो.

तीन गोष्टी करून बघा. कोपऱ्यावरचा बिंदू काढून टाका आणि वळण संपून रस्ता सरळ झाल्यावर चाळीस-पन्नास मीटर पुढे लावा. त्याची पूर्णतेची त्रिज्या (एवढ्या जवळ आलं की पोचलं असं धरतात) २५ मीटर ठेवा, म्हणजे गाडीला टिंब गाठायला धडपडावं लागणार नाही. आणि गटाचा म्होरक्या पहिल्याच गाडीत बसलाय का ते तपासा. तो दुसऱ्या हंटरमध्ये असेल तर पहिल्या किलोमीटरमध्येच गाड्या एकमेकींना ओलांडायला लागतात. ही चूक मी स्वतः कितीदा केली आहे.

बाकीच्या तीसमधलेही बहुतेक काढा. बिंदू फक्त फाट्यांसाठी लागतात, वळणांसाठी नाही. रस्त्याला एकच वाट असेल तर ड्रायव्हर तीच धरतो.

कृष्णाकाठ_कराड

एवढ्या शेवटच्या वाक्याशी मी सहमत नाही. आल्टिसचा जमिनीचा भाग २७० चौरस किलोमीटर आहे आणि त्यावर कच्च्या वाटांचं जाळं आहे. दोन बिंदूंमध्ये चार-पाच किलोमीटर अंतर ठेवलंत तर ड्रायव्हर स्वतःच्या हिशेबाने स्वस्त वाट निवडतो, आणि ती तुमच्या मनातली असेलच असं नाही. माझा एक ताफा डांबरी सोडून शेतातल्या वाटेने गेला होता. माझ्या मते प्रत्येक फाट्यानंतर एक, आणि लांब सरळ पट्ट्यातही दीड-दोन किलोमीटरवर एक.

मिरज_स्क्रिप्ट

मान्य. "फाट्यानंतर" हा शब्द महत्त्वाचा. फाट्यावर नाही, फाटा ओलांडून.

गोडोली_मोहीम

रात्री जागून करून बघितलं. ३१ चे ११ झाले. कोपऱ्यावरचा बिंदू पुढे सरकवला. पाच वेळा चालवलं. तीनदा सातही गाड्या गावातून सुखरूप निघाल्या! दोनदा मात्र दुसरा हेमट अडकला, तेही पहिला निघून गेल्यावर. एकच वाट, एकच गाडी, मग कधी जमतं आणि कधी नाही, हे का?

वेगाचीही गडबड झाली. कुठेतरी वाचून फोर्सस्पीड हा आदेश वापरला आणि ४० आकडा दिला. पहिला हंटर तोफेतून सुटल्यासारखा गेला आणि पहिल्याच उतारावर रस्ता सोडून खाली.

मिरज_स्क्रिप्ट

फोर्सस्पीड मीटर प्रतिसेकंदात घेतो. ४० म्हणजे ताशी १४४ किलोमीटर झाले. ताशी किलोमीटर घेणारा आदेश लिमिटस्पीड. दोघांची नावं इतकी जवळची आहेत की सगळेच फसतात. फोर्सस्पीड काढून टाकायचा असेल तर उणे एक द्या.

निवृत्त_सुभेदार

नमस्कार. मी खेळत नाही. नातू खेळतो, त्याच्या शेजारी बसून बघतो. हा धागा त्यानेच वाचून दाखवला. आमचं गाव अपशिंगे मिलिटरीच्या बाजूचं. मी आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये होतो, गाड्या चालवण्यात आणि चालवून घेण्यात नोकरी गेली.

गोडोलीच्या पोरा, तुझा प्रश्न वळणाचा आहे असं तुला वाटतंय. मला तो अंतराचा दिसतो. दुसरा ट्रक अडकला तेव्हा पहिला त्याच्यापुढे किती अंतरावर होता? आणि तिसरा त्याच्या मागे किती?

हिशेब मांड. सात गाड्या, प्रत्येकी दहा मीटर धर, झाले सत्तर. दोन गाड्यांमध्ये चाळीस मीटर, अशी सहा अंतरं, झाले दोनशे चाळीस. म्हणजे तुझा ताफा ३१० मीटर लांब आहे. ताशी तीस किलोमीटर वेगाला सेकंदाला सव्वाआठ मीटर पडतात. पहिल्या गाडीचं नाक कोपऱ्यावर आल्यापासून शेवटच्या गाडीचं शेपूट निघेपर्यंत सदतीस सेकंद लागतात. हे सगळं नीट चाललं तर.

पण पुढची गाडी कोपरा सुटला की पाय दाबते. मागच्या अजून कोपऱ्यात, कासवाच्या गतीने. अंतर वाढतं. मग कोपरा सुटलेली प्रत्येक गाडी अंतर भरायला जोरात पळते, आणि पुढच्या कोपऱ्यावर सगळ्या एकमेकांवर आदळायला येतात. रांग कधी ताणते, कधी आवळते. पहिला ड्रायव्हर आरामात चाळीसने जातो आणि शेवटच्याला साठ करावे लागतात. डोंगरात माणसं मरतात ती यामुळे. आमच्याकडे नियम साधा होता. प्रत्येक ड्रायव्हरने आरशात मागची गाडी बघायची. ती दिसेनाशी झाली की स्वतः हळू व्हायचं. मग पुढचा तुझ्यामुळे हळू होतो, त्याच्यामुळे त्याच्या पुढचा, आणि शेवटी पहिल्याला कळतं.

तुझ्या संगणकाच्या ड्रायव्हरला आरसा नाही. म्हणून ते काम तू कर. कोपऱ्याच्या आधी शंभर मीटरवर वेग कमी करायला सांग, आणि वेग वाढवायचा हुकूम कोपरा सुटल्यावर लगेच देऊ नको. ताफ्याची लांबी जेवढी तेवढं अंतर पुढे जाऊन दे. म्हणजे ३१० मीटरच्या पुढे. तोवर शेवटची गाडी कोपऱ्याबाहेर आलेली असते.

वाळव्याचा_ट्रॅक्टर

सुभेदार साहेब, हे वाचून अंगावर काटा आला. कारखान्याच्या रस्त्याला आम्ही आठ-दहा ट्रॅक्टर मागोमाग असतो आणि शेवटच्याला कायम पळावं लागतं. कारण आज कळलं.

कृष्णाकाठ_कराड

खंबाटकीचा बोगदा सुटल्यावरचं ते एस वळण आठवलं. साताऱ्याकडून पुण्याला जाताना बोगद्यातून बाहेर पडलं की उतार, आणि उतारावरच वळण. गाडी वळणात आल्यावर ब्रेक लावून उपयोग नसतो, वेग बोगद्यातच कमी झालेला लागतो. गोडोली_मोहीम, तुमच्या आधीच्या ३१ बिंदूंमध्ये वेगाचा एकही बिंदू वळणाच्या आधी नव्हता.

मिरज_स्क्रिप्ट

सुभेदार साहेबांनी सांगितलेलं खेळात असं बसतं. कोपऱ्याआधी शंभर मीटरवर एक वेपॉइंट, त्यात वेग लिमिटेड (मंद). कोपऱ्यानंतर साधारण ३२० मीटरवर दुसरा, त्यात वेग नॉर्मल. अंतरासाठी सेटकॉन्व्हॉयसेपरेशन हा आदेश आहे, प्रत्येक गाडीला ४० द्या. रस्ता सोडू नये म्हणून फोर्सफॉलोरोड चालू करा. सर्व्हरवर चालवत असाल तर हे आदेश त्या मशीनवर द्या जिथे गाडी लोकल आहे (म्हणजे जी मशीन ती गाडी चालवतेय), नाहीतर काहीच घडत नाही आणि माणूस आकडे बदलत बसतो.

कृष्णाकाठ_कराड

एक सोपा रस्ता सुचवू का? युनिटकॅप्चर वापरा. स्वतः हेमट चालवून वळण घ्या, ते रेकॉर्ड करा आणि मोहिमेत तेच वाजवा. भिंतीला लागायचा प्रश्नच नाही.

मिरज_स्क्रिप्ट

ताई, एखाद्या हेलिकॉप्टरच्या प्रवेशाला ते उत्तम. ताफ्यासाठी मी कधीच वापरणार नाही. रेकॉर्ड वाजत असताना गाडी जागच्या जागी ओढत नेल्यासारखी जाते, वाटेत तुमचाच माणूस आडवा आला तरी ती थांबत नाही. खेळणाऱ्यांना ते लगेच कळतं. शत्रूने पूल अडवला, झाड पाडलं, तरी ट्रक ठरलेल्या क्षणी ठरलेल्या जागी. मग राखण कशाची करायची?

त्यापेक्षा सेटड्राइव्हऑनपाथ बरा. त्यात जागांची यादी देता येते आणि ड्रायव्हर त्यावरून स्वतः चालवतो. वाळव्याच्या दादांनी सांगितलेलं "आधी उजवीकडे ओढून घे" हे त्यात खरोखर लिहिता येतं. कोपऱ्याआधी तीन जागा रस्त्याच्या उजव्या कडेला द्यायच्या, मग वळणाच्या बाहेरून. जागा जवळजवळ हव्यात, कारण दोन जागांमध्ये तो सरळ जातो. फक्त हे अवघड तुकड्यापुरतंच वापरा, अख्ख्या बेटाला नाही.

कृष्णाकाठ_कराड

पटलं. युनिटकॅप्चरचा मुद्दा मागे घेते.

निवृत्त_सुभेदार

नातवाने नकाशा उघडून दाखवला. पोरा, मला एक सांग. त्या गावातून जायचंच कशाला?

गोडोली_मोहीम

काका, डांबरी रस्ता तिथूनच जातो. नकाशावर तोच जवळचा.

निवृत्त_सुभेदार

साताऱ्यात लांब पल्ल्याचा ट्रक पोवई नाक्यावरून नेतोस का? तो हायवेने बाहेरून जातो. गावात रस्ता अरुंद, वळणं आंधळी, दोन्ही बाजूंना भिंती, आणि गाडी मोडली तर बाजूला घ्यायला जागा नाही. तुझा ३१० मीटरचा ताफा त्या गावात शिरला की पहिली गाडी बाहेर पडायच्या आधी शेवटची आत आलेली असते. सगळे एकदम आत. आम्ही मार्ग बघायला आधी एक गाडी पाठवायचो. ती पुलाची रुंदी, चढ, थांबायच्या जागा लिहून आणायची. जवळचा रस्ता कोणता हा प्रश्न त्यात शेवटी यायचा. सगळ्यात जड गाडी कुठून जाईल, हा पहिला. झोजीलासारख्या खिंडीत, ३,५२८ मीटरवर, एका वेळी एकाच बाजूची वाहतूक सोडायचे. तिथे जवळ-लांब कुणी विचारत नव्हतं.

उद्या तू स्वतः तो ट्रक घेऊन जा. नकाशा बाजूला ठेव, आत बसून बघ.

गोडोली_मोहीम

गेलो. एडिटरमध्ये (मोहीम बांधायच्या साधनात) एकच हेमट ठेवला, दिवसाची वेळ, ड्रायव्हरच्या डोळ्यांनी बघत गावात शिरलो.

हे मी तीन आठवड्यांपूर्वीच करायला हवं होतं. वरून बघताना कोपरा काटकोनात दिसतो. आतून बघितलं तर कुंपणाच्या टोकाला एक विजेचा खांब आहे, आणि समोरच्या घराची पायरी रस्त्यात आलेली. बाहेरून वळण घ्यायला जागाच नाही. मी स्वतः दोनदा मागे-पुढे करून ट्रक काढला. जे मला माणूस असून एका दमात जमत नाही ते मी संगणकाकडून चारदा मागत होतो, तेही मागे गाडी चिकटलेली असताना.

मग गावाच्या खालच्या अंगाने जाणारी कच्ची वाट धरली. दीड किलोमीटर जास्त पडतो. एक ओढा, पण पाणी नाही. एक लांब चढ. चढाला हेमटचा वेग पार खाली आला, दोन्ही हंटर असते तर पुढे निघून गेले असते.

वाळव्याचा_ट्रॅक्टर

चढ असला की जड गाडी पुढं घ्या दादा. तिच्या चालीनं सगळे जातील. हलकी पुढं असली की ती पळणार.

निवृत्त_सुभेदार

बरोबर बोललास. पुढे एक हलकी गाडी वाट बघायला ठेव, तिच्या लगेच मागे सगळ्यात जड. आणि शेवटी दुरुस्तीची गाडी. ती मध्ये ठेवली तर तिच्या मागे मोडलेल्या गाडीकडे उलटं जावं लागतं.

मिरज_स्क्रिप्ट

मोडलेल्या गाडीवरून आठवलं. एका ट्रकची चाकं गेली तर अख्खा गट त्याच्यासाठी रेंगाळतो. गाडी हलू शकत नाही असं तपासून त्या ड्रायव्हरला जॉइनसायलेंटने गटाबाहेर काढा. बाकीचे पुढे जातात.

आणि हल्ल्याचं ठरवलंय का? सेफमध्ये असलेला गट शत्रू दिसताच कॉम्बॅटमध्ये, म्हणजे लढाईच्या वागणुकीत, जातो, आणि मग रस्ताबिस्ता विसरून गाड्या माळावर पांगतात. ड्रायव्हरांचा ऑटोकॉम्बॅट (हा आपोआप होणारा बदल) बंद केलात तर रांग टिकते.

गोडोली_मोहीम

हाच प्रश्न विचारणार होतो. पांगलेलं खरं वाटतं की रांगेत पळालेलं?

निवृत्त_सुभेदार

गोळीबार होतो ती जागा शत्रूने निवडलेली असते. रसदीच्या गाडीने तिथे थांबायचं नाही, वाट मोकळी असेल तर निघून जायचं. लढायचं काम राखणीच्या गाड्यांचं. वाट अडलेली असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा उतरून आडोसा घ्यावाच लागतो.

गोडोली_मोहीम

ठरलं. ट्रकांचा ऑटोकॉम्बॅट बंद, मार्शलचा चालू.

गोडोली_मोहीम

काल शनिवार. सगळ्यांना सांगतो काय झालं.

क्रम बदलला. एक हंटर, चार हेमट, दुसरा हंटर दुरुस्तीचं सामान घेऊन, शेवटी मार्शल. एकूण १४ वेपॉइंट, त्यातले पाच फक्त वेगासाठी. गाव टाळलं. ओढ्याच्या उतारावर लिमिटेड, आणि पलीकडे ३२० मीटरवर नॉर्मल. मी पहिल्यांदा मागच्या गाडीत बसलो होतो, शेवटच्या ट्रककडे बघत. ओढ्यातून पहिला ट्रक चढला, दुसरा चढला, तिसऱ्याने धूळ उडवली आणि त्या धुळीतून चौथा बरोबर त्याच अंतराने बाहेर आला. हेडफोनमध्ये सगळे गप्प होते. कुणीतरी एवढंच म्हणालं, "आले रे सगळे."

पिरगोसच्या अलीकडे दबा धरून बसवलेल्या तुकडीने तिसऱ्या ट्रकची दोन चाकं फोडली. तो बाजूला पडला, बाकीचे निघून गेले. दुसरा हंटर मागूनच आला, आमच्यातल्या दोघांनी उतरून चाकं दुरुस्त केली, तोवर मार्शल माळावर गोळीबार करत उभा. सात गाड्या निघाल्या होत्या, सात पोचल्या. एक तास दहा मिनिटं लागली.

सुभेदार काका, पुढच्या शनिवारी रात्रीची मोहीम ठेवतोय. सेफमध्ये गाड्यांचे दिवे लागतात आणि लांबून दिसतात. बंद केले तर मागच्याने पुढच्याला कसं धरायचं? तुम्ही रात्री कसं करायचात?

निवृत्त_सुभेदार

अंतर कमी करायचो आणि वेग निम्मा. पुढच्या गाडीच्या मागच्या धुऱ्याखाली एक बारीक दिवा असायचा, खाली जमिनीकडे तोंड केलेला, वरून न दिसणारा. मागच्याने फक्त तो बघायचा. नातू म्हणतो शनिवारी मला शेजारी बसवणार. नऊच्या आधी चालू करा, मला दहाला झोप लागते.